टू-प्लस-टू गाडी, दोन मुलं आणि आजी: एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या कार सीट तपासून आणि बसवून देणं हे माझं काम. बहुतेक कुटुंबांचं काम वीस मिनिटांत उरकतं. हे प्रकरण मात्र दोन शनिवार, असंख्य फोन आणि एक आणीबाणी एवढं चाललं. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं देत नाही. बाबा, आई, आजी, थोरली आणि धाकटा एवढ्यावर भागेल.

पार्श्वभूमी

कुटुंब डर्बीच्या आसपास राहणारं. दोघंही इंजिनियर, मूळचे सांगलीकडचे. घरात गाडी एकच, 2014 ची टोयोटा जीटी86, सेकंडहँड घेतलेली. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबी 4.24 मीटर, दारं दोन, पुढे दोन सीट आणि मागे दोन सीटसारखं काहीतरी. अशा गाड्यांना टू-प्लस-टू म्हणतात. त्यातल्या दुसऱ्या ‘टू’मध्ये कंपनीच्या कल्पनेतली माणसं बसतात, खऱ्या माणसांना गुडघे असतात. मागची पाठ अखंड आहे, म्हणजे पाडायची तर पूर्ण पाडायची. मुलं मागे बसली की जास्तीच्या सामानासाठी तो मार्ग बंद. डिकी 243 लिटरची आणि तिचं तोंड अरुंद.

थोरलीच्या जन्माच्या वेळी त्यांच्याकडे साधी पाच दारांची गाडी होती. ती दोन वर्षांची झाल्यावर बाबांनी ही घेतली. “एकच मुलगी आहे, मागे आरामात बसते,” हा हिशोब होता आणि त्या दिवसापुरता तो बरोबरही होता. थोरली डाव्या बाजूला, प्रवाशाच्या सीटमागे, पुढे तोंड करून बसायची. तिची सीट आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमध्ये चाइल्ड सीटसाठी दिलेल्या दोन पक्क्या कड्यांवर, अडकवलेली आणि वरचा पट्टा मागच्या फळीवरच्या कडीला ओढलेला. हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं आणि नीट केलं होतं.

2022 च्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला तेव्हा आईला सातवा महिना होता. आजी, म्हणजे आईची आई, ऑक्टोबरअखेर सांगलीहून सहा महिन्यांसाठी बाळंतपणाला येणार होती.

अडचण

बाबांनी फोनवर विचारलेला प्रश्न वहीत लिहून ठेवला होता: “जीटी86 मध्ये नवजात बाळाची कोणती सीट बसते?”

याचं उत्तर दुकानदारही देतात आणि सीट कंपन्यांच्या याद्याही देतात. मॉडेल टाका, हिरवी खूण येते. पण त्या यादीला पुढच्या सीटवर कोण बसणार हे ठाऊक नसतं. मी त्यांना एकच उलटा प्रश्न केला: प्रत्येकाची उंची किती? बाबा 181 सेंटीमीटर, आई 157, थोरली 97 आणि वजन 14 किलो. आजीची उंची कुणालाच माहीत नव्हती. “माझ्या खांद्याला लागते,” असं आई म्हणाली.

नियमांची चौकट आधी सांगते, कारण तिच्यातून बरेच पर्याय आपोआप गळतात. ब्रिटनमध्ये मूल 12 वर्षांचं किंवा 135 सेंटीमीटर उंचीचं, यातलं जे आधी होईल, तोपर्यंत त्याला योग्य चाइल्ड सीट लागते. आर129 या मानकाच्या सीटमध्ये बाळाने निदान 15 महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड करूनच बसायचं असतं. समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट तिथे ठेवणं बेकायदा आहे. यातला मागे तोंड करण्याचा नियम अनेकांना जाच वाटतो, पण त्यामागचं कारण सरळ आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं आणि मानेचे मणके अजून बरेचसे कूर्चेचेच असतात. गाडी समोर आदळली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं डोकं मानेवर झटका देत पुढे जातं. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाळण्यात दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो.

थोरलीला उंच पाठीच्या बूस्टरवर, म्हणजे गाडीचाच पट्टा मुलाला नीट बसावा म्हणून उंची देणाऱ्या सीटवर, हलवून जागा वाचवता येईल का, हेही बाबांनी विचारलं. जुन्या आर44 प्रमाणे बूस्टर 15 किलोपासून, नव्या आर129 प्रमाणे 100 सेंटीमीटरपासून. थोरली दोन्हीकडे थोडक्यात नापास. तिने ते मनाला लावून घेतलं आणि पुढचे काही दिवस पोळी जास्त खाल्ली म्हणे.

समोर असलेले पर्याय

गाडी विकून इस्टेट, म्हणजे लांब डिकीची मोठी कौटुंबिक गाडी, घ्यायची, हा पहिला पर्याय. मी तो मांडला तेव्हा बाबा गप्प बसले आणि आई म्हणाली, “ताई, तो पर्याय शेवटी ठेवू या.” पुढे कळलं, ती गाडी बाबांनी पहिली बढती मिळाल्यावर घेतली होती. माझ्या कामात अशा गोष्टींना तक्त्यात रकाना नसतो, पण त्या मोजाव्या लागतात. माणसांना न पटलेला सल्ला आठवडाभर पाळला जातो, नंतर सीट आपली जिन्याखाली.

दुसरा पर्याय: गाडी ठेवायची आणि मागे दोन्ही मुलं बसतील अशी जोडी शोधायची.

तिसरा, बाळाला पुढे प्रवाशाच्या जागी बसवायचं आणि त्या बाजूची एअरबॅग किल्लीने बंद करायची. त्यांच्या गाडीत ती सोय होती आणि कायद्यानेही चालतं. बाबांचा कल इकडे होता. मी विरोध केला. एअरबॅग बंद करायला विसरलं तर ती पापणी लवायच्या आत बाळाच्या पाठीमागच्या कवचावर फुटते. परत चालू करायला विसरलं तर तिथे बसलेली आई एअरबॅगविना. ज्या घरात तीन महिने कुणी सलग झोपणार नाही, तिथे सुरक्षितता एका किल्लीच्या आठवणीवर टांगायला मी तयार नव्हते. शिवाय बाळ पुढे गेलं की आई मागे, आणि त्या मागच्या खोबणीत मोठं माणूस फार तर गल्लीच्या टोकापर्यंत जाईल.

चौथा, एक स्वस्त जुनी हॅचबॅक जोडीला घ्यायची. म्हणजे दोन विमे, दोन रस्ता-कर आणि दारात एकाच गाडीची जागा.

पाचवा पर्याय आजीचा. तो तिने व्हिडिओ कॉलवर सांगितला: “एवढ्याशा लेकराला पट्ट्यानं बांधतात व्हय? मांडीवर घेऊन बसते की मी.” यावर हसणं सोपं आहे, पण आपण सगळे असेच मोठे झालो आहोत. मी तिला हिशोब सांगितला. काकू, गाडी ताशी 50 किलोमीटरने चालली आहे आणि कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर साडेतीन किलोचं बाळ हातांना 50 किलोसारखं ओढ देतं. म्हणजे सिमेंटचं पोतं. आजी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पोतं काय आता उचलत नाही बाई माझ्याच्यानं.” तो पर्याय तिथेच मिटला, आणि पुढच्या सहा महिन्यांत पट्टे तपासण्यात तिच्याइतकी कडक कुणी नव्हती.

दुसऱ्या पर्यायापासून सुरुवात करायची आणि चौथा राखीव ठेवायचा, असं ठरलं.

फुकटची सीट

मोजणीच्या आधी एक उपकथा. ओळखीतल्या कुणीतरी लेस्टरहून बाळाची सीट फुकट देऊ केली. चांगल्या घरातली, धुतलेलं कव्हर, बूड पांढरंशुभ्र. बाबांनी ती माझ्याकडे तपासायला आणली. बुडावरचं नारिंगी लेबल आर44 चं होतं, तिथवर ठीक. मी कव्हर काढलं. आत डोक्याच्या उजव्या बाजूच्या थर्माकोलमध्ये केसाएवढी रेघ होती. नखाने दाबली तर उघडायची, सोडली तर मिटायची. ती अपघातात पडली की जिन्यावरून सीट घरंगळल्यामुळे, हे देणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. सीट माझ्या गॅरेजमध्येच राहिली. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून पट्टे कापून मी ती टाकून दिली. इतिहास माहीत असलेली, सख्ख्या बहिणीची सीट घ्यायला हरकत नाही. इतिहास माहीत नसेल तर तिचं फुकट असणं फार महाग पडू शकतं.

शनिवारची मोजणी

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या दारात आम्ही तीन सीट, एक टेप आणि एक साडेतीन किलोची बाहुली घेऊन उभे होतो. रिमझिम होती. आई घराच्या दारात खुर्ची टाकून बसली.

पहिला प्रयोग आयसोफिक्स बेसचा. बेस गाडीत कायम राहतो आणि बाळाची सीट वर खटकन बसते, म्हणून लोकांना तो आवडतो. आयसोफिक्सच्या दोन कड्या सगळ्या गाड्यांत सारख्याच अंतरावर असतात, मध्यापासून मध्यापर्यंत 280 मिलिमीटर. त्या मिळाल्या, दोन्ही बाजूंना हिरवं आलं. आधाराचा पायही जमिनीला टेकला आणि त्याचीही खूण हिरवी. बाबांचा चेहरा फुलला. मग मी वर बाळाची सीट बसवली आणि पुढची सीट मागे घेतली. ती अर्ध्या वाटेतच सीटला लागली. बेसमुळे बाळाची सीट उंच आणि पुढे आली होती. प्रवाशाची सीट एवढी पुढे सरकवावी लागली की बाबांचे गुडघे डॅशबोर्डवर आणि हनुवटी जवळजवळ गुडघ्यांवर.

दुसरी गोष्ट कुणाच्या डोळ्यांत भरली नाही, कारण तिच्यावर हिरवी खूण नसते. अशा गाड्यांच्या मागच्या सीट खोलगट असतात. बसायची जागा मागच्या बाजूला खाली उतरत जाते. मागे तोंड केलेल्या सीटमध्ये बाळाचे पाय त्या खोलगट बाजूला आणि डोकं उंच बाजूला येतं. परिणाम असा की बाळ हवं त्यापेक्षा ताठ बसतं. बाहुलीची हनुवटी छातीवर पडली. खऱ्या नवजात बाळाला मान सावरता येत नाही. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. म्हणूनच इथे सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाला सीटमध्ये सलग अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका असं सांगतात. बाबा म्हणाले, पायाकडे टॉवेलची गुंडाळी घातली तर? युक्ती म्हणून बरोबर आहे, पण सीटच्या पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच करायची. या सीटच्या पुस्तिकेत नव्हती.

दुसरा प्रयोग त्याच कंपनीच्या सीटचा, पण बेसशिवाय गाडीच्या पट्ट्याने. पट्टा निळ्या खुणांमधून घ्यायचा: कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून, तिरका भाग सीटच्या पाठीमागून वळसा घालून. पट्टा संपला. बकलपासून चार बोटं कमी पडला. छोट्या गाड्यांच्या मागे हे नेहमी होतं, आणि बाबांनी जोर लावून तो बसवायचा प्रयत्न करणं हेही नेहमीचंच. मी हात धरला.

तिसरी सीट अरुंद, हलकी, पट्ट्यानेच बसवायची. हिला पट्टा पुरला आणि वर वीतभर उरला. बकल सीटच्या कडेवर टेकून वाकत तर नाही ना, हे बोटाने पाहिलं. वाकलं असतं तर ती जागा बादच, कारण धक्क्याच्या वेळी तिथे बकल उघडू किंवा तुटू शकतं. वाकत नव्हतं. कोन बेसपेक्षा बरा आला आणि पुस्तिकेतली आडवी रेघ जमिनीला समांतर दिसली. शिवाय ही सीट खाली बसल्यामुळे पुढच्या सीटला सात-आठ सेंटीमीटर जादा मिळाले.

आता माणसं. थोरलीची सीट उजवीकडे, चालकामागे हलवली. बाबा चालकाच्या जागी बसले आणि आपली सीट नेहमीसारखी मागे घेतली. थोरलीच्या पायांना जागाच राहिली नाही. बाबा उतरले, आई जपून बसली. 157 सेंटीमीटरला सीट आपसूक पुढे येते. छातीपासून स्टिअरिंगपर्यंत निदान 25 सेंटीमीटर हवेत. टेप लावली, पोटासकट बरोबर 27 भरले. थोरली मागे पाय हलवत बसली. डावीकडे बाळाची सीट, तिच्यापुढे सरकवलेली प्रवाशाची सीट. तिथे बाबा मावत नव्हते. मी विचारलं, “आजी किती उंच म्हणालात?”

आईने सांगलीला फोन लावला. आजोबांनी आजीला भिंतीशी उभं करून पट्टी लावली. 148.

तर त्या शनिवारी निघालेला निष्कर्ष असा: बाबांच्या स्पोर्ट्स कारमध्ये आई, आजी आणि दोन्ही मुलं नियमाप्रमाणे, सुरक्षित आणि बऱ्यापैकी आरामात बसतात. बाबा बसत नाहीत. बाबांना गाडी चालवायची तर एका वेळी एकच मूल, तेही डावीकडे.

निर्णय

आई हसत सुटली. बाबा दहा मिनिटं गाडीभोवती फिरले, मग म्हणाले, “चालेल. मी सायकलने जातो.” ऑफिस सहा किलोमीटरवर होतं. आठवड्यातले बहुतेक फेरे आईचे आणि आजीचे असणार: नर्सरी, दवाखाना, बाजार. रविवारी सगळ्यांना मिळून कुठे जायचं असेल तर रेल्वे किंवा भाड्याची गाडी. अरुंद सीट घ्यायची, हॅचबॅकचा विचार जानेवारीपर्यंत पुढे ढकलायचा.

मी या निर्णयाला होकार दिला. बाबांकडून सीट तीनदा काढून बसवून घेतली, डोळे मिटूनसुद्धा एकदा. प्रॅमचं एक जुनं मॉडेल डिकीत घालून पाहिलं. ते बसलं, पण मग किराण्याची एक पिशवीही बसेना. एक गोष्ट मात्र सांगितली आणि ती कुणी फारशी मनावर घेतली नाही: इथल्या पार्किंगच्या चौकोनाची रुंदी साधारण 2.4 मीटर, गाडी 1.78 मीटर. दोन्ही बाजूंना मिळून साठ-बासष्ट सेंटीमीटर. दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात. तेवढ्या फटीतून पुढची सीट वाकवून, स्वतः वाकून, मागे बाळ ठेवायचं.

पुढे झालं ते

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री सिझेरियन झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप. सकाळी सात वाजता बाबांचा फोन आला, आणि त्यांच्या पहिल्या वाक्यातच माझी चूक मला दिसली. “ताई, उद्या घरी सोडणार म्हणतात. पण हिला सहा आठवडे गाडी चालवता येणार नाही.”

आमची सगळी जुळणी आई चालवणार यावर उभी होती. घरी न्यायच्या दिवशी चालवणार बाबा. थोरली आजीजवळ घरी राहिली तरी आईला प्रवाशाच्या पुढे सरकवलेल्या सीटवर बसावं लागणार. त्या बुटक्या गाडीत उतरून, गुडघे पोटाशी घेऊन, टाक्यांवर पट्टा लावून. एरवी 157 सेंटीमीटरला ते कदाचित जमलं असतं. पोट शिवल्यावर नाही.

तीन वाटा होत्या. टॅक्सी, एअरबॅगची किल्ली किंवा कुणाची तरी मोठी गाडी. बाबांनी पुन्हा किल्लीचा विषय काढला. मी म्हटलं, मग हिला कुठे बसवणार, डिकीत? मी चिडून बोलले; नंतर माफी मागितली.

त्यांच्या मित्राची इस्टेट मिळाली. इथे आधी नाकारलेल्या बेसने, म्हणजे खरं तर त्याच्या नसण्याने, हात दिला. पट्ट्याने बसणारी सीट कुठल्याही गाडीत दोन मिनिटांत जाते. बेस घेतला असता तर त्या गाडीच्या यादीत तो आहे का इथून सुरुवात झाली असती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मित्राने मोठ्या उत्साहाने सीट बसवली होती. बाबांनी वाकून पाहिलं तर तिरका पट्टा सीटच्या पाठीमागून न जाता बाळाच्या पायांवरूनच गेला होता. कमरेचाही तिथेच. सीट दिसायला पक्की होती. धक्का बसला असता तर ती पुढच्या सीटच्या पाठीवर उलटली असती. त्यांनी पट्टा सोडून पुन्हा घातला. शनिवारच्या तीन फेऱ्या कामी आल्या.

बाळाला घालताना आजीने विणलेला जाड स्वेटर काढला गेला. जाड कपड्यावर पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. खांद्याजवळ पट्ट्याची घडी चिमटीत येता कामा नये. स्वेटर पट्ट्यांवरून, पांघरुणासारखा घातला. हे सगळं आजीने सांगितलं, फोनवर, थोरलीला जेवू घालता घालता.

पुढचे सहा आठवडे कठीण गेले. बाबांची पितृत्व रजा दोन आठवड्यांत संपली. गाडी दारात उभी आणि घरात ती चालवू शकणारा एकच माणूस, ज्याला त्यात दोन मुलं नेता येत नाहीत. थोरली आजीबरोबर चालत नर्सरीला जायची, पावसात. दुसऱ्या महिन्यात बाळाला तपासणीसाठी नेताना पार्किंगच्या फटीत बाबांची कंबर धरली. डिसेंबर संपायच्या आत त्यांनी नऊ वर्षं जुनी, पाच दारांची हॅचबॅक घेतली. जीटी86 विकली नाही. ती मित्राच्या गॅरेजमध्ये भाड्याने राहते. शनिवारी सकाळी थोरली तिच्यात बसून पोहायला जाते, डावीकडे, आपल्या जुन्या जागी.

काय वेगळं करता आलं असतं

हॅचबॅक आधी घ्यायला हवी होती का? बहुतेक लोक हो म्हणतील. मला अजून खात्री नाही. काही आठवडे छोट्या गाडीत काढल्याशिवाय बाबांनी तो खर्च मनापासून केला नसता, आणि मग मोठी गाडी दारात असताना एखाद्या घाईच्या सकाळी बाळ पुढे, किल्ली फिरवून, असं झालं असतं. पण ऑक्टोबरातच भाड्याच्या गाडीची किंवा मित्राच्या गाडीची बोलणी पक्की करून ठेवायला काहीच हरकत नव्हती. ती मी सुचवली नाही.

माझी चूक नेमकी हीच. मी उंची विचारली, वजनं विचारली, ऑफिसचं अंतरही विचारलं. “एरवी गाडी कोण चालवतं?” हेही विचारलं. “पहिल्या दिवशी कोण चालवणार, आणि ते आजारी पडले तर कोण?” हे विचारलं नाही. ब्रिटनमध्ये चारातल्या एका बाळंतपणाहून अधिक सिझेरियनने होतात. ती शक्यता दुर्मीळ नव्हती. आता माझ्या फॉर्मवर तो रकाना आहे. छोट्या गाडीत सीट बसते की नाही हे चालवणाऱ्याच्या पायांच्या लांबीवर ठरतं, म्हणून चालवणारा बदलला की सगळी मोजणी नव्याने करायची.

दुसरं, आईला मोजणीत आणखी एका जागी बसवून पाहायला हवं होतं: प्रवाशाच्या पुढे सरकवलेल्या सीटवर. ती चालक, हे आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

फुकटची सीट आल्या आल्या नाकारली असती तर आठवडा वाचला असता, पण कव्हर काढून ती रेघ बाबांना दाखवल्यानेच पुढचं सगळं त्यांनी गंभीरपणे घेतलं. त्यामुळे त्या आठवड्याचं मला वाईट वाटत नाही.

पुढच्या हिवाळ्यात हे कुटुंब सांगलीला गेलं. बाबांनी विचारलं, तिकडे सीट न्यायची का? नक्की न्या, म्हटलं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 194ब हे कलम आलं: 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड. मुंबई विमानतळावरच्या टॅक्सीत मागचे बकल सीट कव्हरखाली गाडले गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, “काढू नका साहेब, नवीन कव्हर आहे.” आजोबा न्यायला आले होते. त्यांनी खिशातून चाकू काढला, कव्हरची शिवण उसवली आणि वर 200 रुपये ठेवले. पट्ट्याने बसणारी तीच अरुंद सीट तिथेही बसली.

धाकटा 15 महिन्यांचा झाला त्या आठवड्यात बाबांचा मेसेज आला: “आता पुढे तोंड करून बसवलं तर माझ्या गाडीत दोघंही येतील का?” मी कळवलं की 15 महिने ही किमान मर्यादा आहे, घाई नको, मानेसाठी मागे तोंड जितके दिवस राहील तितकं बरं. आणि तुमचे पाय काही आखूड झालेले नाहीत. तरी एक शनिवार देते.

उत्तर आईकडून आलं. घरातल्या पाचही जणांच्या उंचीचा तक्ता, शेजारी प्रत्येकाच्या नावापुढे ‘चालवतात / चालवत नाहीत / टाके असतील तर’ असे तीन रकाने. आजीपुढे लिहिलं होतं: 148, चपलांसकट 150. मे महिन्यात परत येतेय.